कादंबरीची कीर्द, खतावणी आणि दुसरी प्रत

व्यापारी घरातील माणसाला नोंद ठेवण्याची सवय लहानपणापासून जडलेली असते. रोजचा व्यवहार कीर्दीत उतरतो, तेथून खतावणीत जातो, वर्षअखेरीस ताळेबंद निघतो आणि जुन्या वह्या कापडात बांधून माळ्यावर चढतात. हाच माणूस साठीनंतर, धंदा मुलांच्या हाती सोपवून, कादंबरी लिहावयास बसतो तेव्हा मात्र ही सारी शिस्त दुकानाच्या गल्ल्यातच राहून जाते. एक प्रकरण मोबाइलमध्ये, दुसरे नातवाच्या लॅपटॉपवर, तिसरे स्वतःलाच पाठवलेल्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशात, आणि पात्रांच्या नावांची यादी जुन्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर, अशी तिची अवस्था असते. दोन वर्षांनी मोबाइल बंद पडतो आणि त्याच्याबरोबर कादंबरीही बंद पडते.

देवनागरीत टंकलेखन करणे आता कोणालाही जमण्याजोगे झाले आहे. बोलून लिहून घेण्याची सोयही प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. त्यामुळे आपल्या घराण्याची, गावाची किंवा पेठेची कथा कादंबरीरूपाने लिहावी, ही इच्छा पुष्कळ ज्येष्ठांच्या मनात मूळ धरते. तिला बळ देणारे संगणकीय साधन महाग किंवा अवघड असण्याची गरज नाही. जी शिस्त दुकानात पाळली, तीच येथे पुरेशी आहे.

आंबिवलीचे एक उदाहरण

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर शहाड आणि टिटवाळा यांच्या मध्ये आंबिवली हे स्थानक आहे. शेजारी मोहने, आणि मोहन्यात नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना. लोकांच्या तोंडी त्याचे नाव 'एनआरसी'. या कारखान्याच्या भोंग्यावर परिसरातील बाजारपेठ चालत असे. २००९ मध्ये कारखाना बंद पडला आणि हजारो कामगारांची देणी वर्षानुवर्षे थकून राहिली.

समजा, या वसाहतीच्या बाहेर तीन पिढ्या किराणा दुकान चालवणाऱ्या घरातील एका गृहस्थांनी त्या काळावर कादंबरी लिहावयास घेतली आहे. हे गृहस्थ कल्पित आहेत. त्यांच्यापुढील प्रश्न मात्र कल्पित नाही. पगाराच्या दिवशी उधारी फेडणारा कामगार पगारच थांबल्यावर काय करील? त्याच्या घरी धान्य पाठवणे दुकानदाराने चालू ठेवावे काय, आणि किती दिवस? वहीतील नावापुढची रक्कम धर्मादाय समजून सोडावी, की कामगाराचा मान राहावा म्हणून ती नावे तशीच राहू द्यावीत? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही अहवालात नाहीत. त्या काळी गल्ल्यावर बसलेल्या आणि त्या दुकानात पिशवी घेऊन आलेल्या माणसांच्या आठवणींत ती आहेत, आणि ही माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

म्हणूनच अशा कादंबरीचे हस्तलिखित हरवणे ही केवळ लेखकाच्या श्रमांची हानी राहत नाही. हरवलेले प्रकरण कष्टाने पुन्हा लिहिता येते. ८५ वर्षांच्या कामगाराने सांगितलेली हकीकत, तो गेल्यानंतर, पुन्हा सांगून घेता येत नाही.

हरवण्याचे तीन धडे

१९२२ च्या डिसेंबर महिन्यात अर्नेस्ट हेमिंग्वे हा तरुण पत्रकार कामानिमित्त स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे होता. त्याच्या पत्नीने, हॅडलीने, त्याचे लिखाण त्याच्याकडे नेण्यासाठी एका बॅगेत भरले आणि पॅरिसच्या गार द ल्योन स्थानकावर ती बॅग चोरीस गेली. त्यात मूळ कागद होते आणि त्यांच्या कार्बन प्रतीही होत्या. प्रती काढण्याचे कष्ट झाले होते. पण मूळ आणि प्रत एकाच बॅगेत प्रवास करीत होती.

दुसरी घटना १९९८ ची, अमेरिकेतील पिक्सार या चित्रपटसंस्थेतील. 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या संगणकीय फायली एका चुकीच्या आज्ञेमुळे भराभर पुसल्या गेल्या. संस्थेत राखीव प्रतींची व्यवस्था होती. ती उघडून पाहिली तेव्हा कळले की, ती यंत्रणा काही काळापासून नीट चालतच नव्हती आणि हे कोणी तपासले नव्हते. गॅलिन सुस्मन या तंत्रदिग्दर्शिका बाळंतपणानंतर घरून काम करीत असत. त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची एक प्रत होती, आणि तिच्यामुळे काम वाचले.

तिसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे. षट्खंडागमावरील धवला टीकेच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्रीच्या सिद्धान्त बसदीत जपल्या गेल्या. त्यांचे रक्षण अत्यंत निष्ठेने झाले; पण सर्व प्रती एकाच गावी होत्या आणि त्यांची लिपी जुनी कन्नड होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्यासारख्या व्यापारी गृहस्थांनी त्यांच्या नकला व्हाव्यात यासाठी प्रयत्न सुरू केले. नकला करण्याचे काम अनेक वर्षे चालले. गजपती उपाध्याय यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने गुप्तपणे तयार केलेली नक्कल सहारनपूरला पोहोचली, तेथे नागरी लिपीत प्रत झाली आणि तिच्यापासून पुढील प्रती निघाल्या. अखेर प्राध्यापक हिरालाल जैन यांनी संपादित केलेला पहिला मुद्रित भाग १९३९ मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध झाला. सोळा भागांचे ते कार्य पुढे पूर्णत्वास गेले. जे एका गावच्या पेटीत होते, ते ग्रंथालयांच्या कपाटांत पोहोचले.

या तीन हकीकतींतून प्रतीच्या तीन कसोट्या निघतात. प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. ती उघडून वाचता येते याची खात्री केलेली असावी. आणि ती कोठे आहे हे लेखकाखेरीज आणखी कोणास तरी ठाऊक असावे. तिन्ही कसोट्यांना उतरते तीच राखीव प्रत. एरवी एकाच कागदाचे दोन तुकडे.

साधन कोणते घ्यावे

कादंबरी लिहिण्यासाठी खास तयार केलेली सॉफ्टवेअर आहेत. सायमन हेन्स या ऑस्ट्रेलियन लेखकाने, जो प्रोग्रामरही आहे, तयार केलेले 'वायरायटर' कादंबरीची प्रकरणांत आणि प्रसंगांत विभागणी करते. 'स्क्रिव्हनर' हे विकत घ्यावे लागणारे साधनही लेखकांमध्ये लोकप्रिय आहे. ज्यांना नवे साधन शिकण्याची हौस आहे त्यांनी ती अवश्य पाहावीत. परंतु ज्याला पत्र लिहिण्यापुरते वर्ड येते, त्याचे काम वर्डवर किंवा विनामूल्य मिळणाऱ्या लिबरऑफिसवर उत्तम चालते. याद्यांसाठी एक्सेल किंवा लिबरऑफिसचेच कॅल्क पुरे.

वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये एकच गोष्ट शिकून घ्यावी. प्रकरणाचे नाव नुसते ठळक न करता त्याला 'हेडिंग १' ही शैली द्यावी आणि प्रसंगाच्या नावाला 'हेडिंग २'. मग वर्डच्या नॅव्हिगेशन पट्टीत किंवा लिबरऑफिसच्या नॅव्हिगेटरमध्ये साऱ्या कादंबरीची अनुक्रमणिका दिसू लागते. एका टिचकीत हव्या त्या प्रसंगावर जाता येते आणि एखादा प्रसंग ओढून दुसऱ्या प्रकरणात नेता येतो. वही फाडून पाने चिकटवण्याचे काम यामुळे संपते.

पाच वह्या

संगणकावर कादंबरीच्या नावाचा एकच मुख्य फोल्डर असावा आणि त्यात लेखनाच्या फोल्डरशिवाय पाच वह्या असाव्यात.

पहिली वही कीर्द. दिनांक, त्या दिवशी कोणते प्रकरण लिहिले, कोठे थांबलो, उद्या काय लिहावयाचे, आणि दिवसअखेरची एकूण शब्दसंख्या. शब्दसंख्या हा या कीर्दीतील अखेरचा शिल्लक आकडा समजावा. काल ४१,२०० शब्द होते आणि आज काही न गाळता ते ३८,००० दिसत असतील, तर एखादा तुकडा नकळत पुसला गेला आहे हे त्याच संध्याकाळी कळते. सहा महिन्यांनी कळून उपयोग नसतो. निरनिराळी सॉफ्टवेअर शब्द किंचित वेगळे मोजतात. म्हणून मोजणी नेहमी एकाच सॉफ्टवेअरवर करावी.

दुसरी वही खतावणी. येथे प्रत्येक पात्राचे स्वतंत्र खाते उघडावे: जन्मवर्ष, नातेसंबंध, गाव, व्यवसाय, बोलण्याची लकब, आणि कोण कोणास काय म्हणून हाक मारते. कामगार दुकानदाराला 'शेठ' म्हणतो. त्याची पत्नी शेठाणीला 'काकी' म्हणते. घरातील मुले आजोबांना 'अप्पा' म्हणतात. चौथ्या प्रकरणातील 'अप्पा' अठराव्या प्रकरणात 'दादा' झाले, तर वाचकाचा विश्वास उडतो.

तिसरी वही कालपटाची. डाव्या रकान्यात वर्ष, पुढे जगात घडलेली घटना, त्यापुढे कथेत घडलेली घटना आणि शेवटी प्रमुख पात्रांची वये. आंबिवलीच्या या कादंबरीत २६ जुलै २००५ चा महापूर येईल, २००९ मध्ये कारखान्याचे बंद होणे येईल, ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी आणि १ जुलै २०१७ पासूनचा वस्तू व सेवा कर येईल. वयाचा रकाना सूत्राने भरावा. घटनेच्या वर्षातून जन्मवर्ष वजा करण्याचेच ते सूत्र आहे. १९६८ साली जन्मलेला नायक कारखाना बंद पडताना ४१ वर्षांचा असतो. त्या वेळी त्याचा मुलगा तिशीचा दाखवला, तर बाप अकराव्या वर्षी बाप झाला असे होईल. संगणक ही विसंगती न थकता दाखवतो. एक सूचना येथे आवश्यक आहे. १ जानेवारी १९०० पूर्वीच्या तारखांना एक्सेल तारीख मानत नाही. पणजोबा १८९० च्या सुमारास राजस्थानातून किंवा सोलापूर भागातून आले असतील, तर तेथे पूर्ण तारीख न घालता वर्षाचा नुसता आकडा लिहावा.

चौथी वही साधनांची. कोणाची मुलाखत कधी घेतली, छायाचित्र कोणाकडून मिळाले, ते छापण्यास त्यांची अनुमती आहे काय, याची नोंद येथे राहावी. उधारीची खरी नावे कादंबरीत येऊ नयेत, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. ग्राहकाची गुप्तता ही पेढीची प्रतिष्ठा असते. खरे नाव आणि कल्पित नाव यांची जोडयादी केलीच, तर ती संकेतशब्द घालून निराळी ठेवावी. मात्र हा संकेतशब्द विसरल्यास फाइल कायमची कुलूपबंद होते, हे ध्यानात असावे.

पाचवी वही गाळलेल्या मजकुराची. कादंबरीतून काढलेला परिच्छेद पुसून न टाकता येथे आणून ठेवावा. पेढी बुडीत खात्यात टाकलेली रक्कमही वहीतून खरवडून काढीत नाही. पाच महिन्यांनी तोच परिच्छेद दुसऱ्या प्रकरणाचा प्रारंभ ठरू शकतो.

फायलींची नावे

सर्वाधिक गोंधळ नावांमुळे होतो. 'कादंबरी अंतिम', 'कादंबरी अंतिम नवी', 'कादंबरी खरोखर अंतिम' अशा फायली एकाच फोल्डरमध्ये नांदू लागल्या, की कोणती खरी हे लेखकालाही सांगता येत नाही. 'अंतिम' हा शब्द छापखान्यात फाइल जाईपर्यंत वर्ज्य समजावा.

नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असावा: 'कादंबरी-२०२५-०६-१४'. असे केल्याने फायली आपोआप कालक्रमाने लागतात. प्रकरणांना ०१, ०२, ०३ असे दोन अंकी क्रमांक द्यावेत. अन्यथा काही उपकरणांवर दहावे प्रकरण दुसऱ्याच्या आधी येऊन बसते. फाइलीच्या नावात रोमन अक्षरे व अंक वापरणे सोयीचे, कारण काही जुनी साधने देवनागरी नावे वाचताना अडखळतात. फाइलीच्या आतील मजकूर अर्थातच देवनागरीत राहील.

दर रविवारी त्या दिवसाच्या तारखेची एक नवी प्रत काढावी आणि जुन्या प्रतींना हात लावू नये. जागेची चिंता अनाठायी आहे. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. त्या हिशेबाने एक लाख शब्दांची कादंबरी साध्या मजकुराच्या रूपात सुमारे दोन मेगाबाइट होते. वर्षभराच्या ५२ साप्ताहिक प्रतींना मिळून सुमारे १०० मेगाबाइट लागतात. लग्नसमारंभाच्या एका चित्रफितीलाही याहून अधिक जागा लागते.

लिपीचा धोका

मराठी लेखकाला इंग्रजी लेखकाहून एक अधिक काळजी घ्यावी लागते. श्री-लिपी, आकृती यांसारख्या साधनांच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले मजकूर पुष्कळांच्या घरी आजही आहेत. त्या पद्धतीत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. तो विशिष्ट फॉन्ट संगणकावर नसेल, तर 'आंबिवली' या शब्दाच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. फाइल शाबूत असते, पण वाचता येत नाही. मूडबिद्रीच्या जुन्या कन्नड लिपीची अडचण येथे नव्या रूपात उभी राहते.

यावर उपाय युनिकोडचा. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासूनच स्थान आहे, आणि मोबाइलवर आज जे मराठी टंकले जाते ते युनिकोडच असते. जुना मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावा आणि मग मुद्रितशोधकाच्या डोळ्यांनी वाचावा. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे या ठिकाणी चुका शिरतात. जुना संगणक चालू आहे तोवरच हे काम उरकावे, म्हणजे मूळ पानाशी ताडून पाहता येईल.

साध्या मजकुराची प्रत नोटपॅडमध्ये साठवताना 'यूटीएफ-८' हा पर्याय निवडलेला आहे ना, हे पाहावे. 'एएनएसआय' या पर्यायाने साठवल्यास मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात आणि फाइल बंद केल्यावर ती परत अक्षरे होत नाहीत. पीडीएफ ही छापील पानाची प्रतिमा म्हणून उत्तम. परंतु तीवरून मराठी मजकूर परत काढताना तो अनेकदा विस्कटतो. म्हणून पीडीएफबरोबर मूळ फाइलही राखावी.

प्रती कोठे असाव्यात

संगणकक्षेत्रात 'तीन-दोन-एक' असा एक सोपा नियम आहे. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारामुळे तो प्रचलित झाला. एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत घराबाहेर असावी.

घराबाहेरच्या प्रतीचे मोल आंबिवलीकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. उल्हास आणि काळू या नद्यांच्या सान्निध्यातील हा परिसर. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली, आणि त्याच पावसात कल्याण-बदलापूर पट्ट्यात उल्हासचे पाणी घराघरांत शिरले. अशा वेळी टेबलावरचा संगणक, खणातील पेनड्राइव्ह आणि कपाटातील छापील प्रत या तिन्ही वस्तू एकाच पाण्याखाली जातात. बँकांची माहिती मुख्य केंद्राखेरीज दूरच्या दुसऱ्या शहरातील केंद्रातही साठवली जाते, ती याच कारणाने; आणि ते दुसरे केंद्र खरोखर चालते काय, याच्या तालमीही वेळोवेळी होतात.

कादंबरीकाराची व्यवस्था अशी असावी. पहिली प्रत संगणकावर. दुसरी प्रत बाहेरील हार्ड डिस्कवर. ती डिस्क प्रत काढताना जोडावी आणि काम होताच काढून ठेवावी, म्हणजे संगणकात विषाणू शिरला तरी ती वाचते. पेनड्राइव्ह ने-आण करण्यास ठीक, पण वर्षानुवर्षे तसाच ठेवून विसंबण्याचे ते साधन नाही. तिसरी प्रत गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी. तेथे १५ गिगाबाइट जागा विनामूल्य मिळते. ई-मेल आणि छायाचित्रेही त्याच जागेतून भागत असली, तरी कादंबरीला ती रगड आहे. याशिवाय दर सहा महिन्यांनी एक छापील प्रत काढून सोलापूरच्या बहिणीकडे किंवा पुण्याच्या लेकीकडे पाठवून द्यावी. कागदाला फॉन्ट लागत नाही, संकेतशब्द लागत नाही आणि वीजही लागत नाही.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. संगणकावरील फोल्डर ड्राइव्हशी जोडला, की फाइल आपोआप वर जाते. म्हणून आता सारे सुरक्षित झाले असे वाटते. परंतु ही जोडणी आरशासारखी असते. घरी फाइल पुसली की वरची प्रतही पुसली जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, नंतर नाहीशी होते. तसेच वर्ड दर काही मिनिटांनी जी आपोआप नोंद करते, ती वीज गेल्यास अर्धे पान वाचवण्यापुरती असते. म्हणून रविवारची तारखेची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये हाताने ठेवणे चुकवू नये.

मुलाखतींच्या ध्वनिफितींना या साऱ्यात अग्रक्रम असावा. मोबाइलवरील एक तासाचे ध्वनिमुद्रण सामान्यतः ३० ते ६० मेगाबाइटचे असते. ज्या दिवशी मुलाखत झाली त्याच दिवशी तिची प्रत निघावी, फाइलीला तारखेचे नाव मिळावे आणि साधनवहीत नोंद व्हावी.

उघडून पाहणे

पेटीवर 'जमा' लिहिले म्हणून आत रक्कम असतेच असे नाही. मोजून पाहावी लागते. महिन्यातून एकदा राखीव प्रत दुसऱ्याच संगणकावर उघडावी. पहिले, मधले आणि शेवटचे प्रकरण वाचून पाहावे. शब्दसंख्या कीर्दीतील आकड्याशी ताडावी. जुळली नाही तर फरक सापडेपर्यंत उठू नये. पिक्सारसारख्या संपन्न संस्थेला जे नडले, ते हा अर्ध्या तासाचा ताळा न घेतल्यामुळे.

मोठ्या तपासणीसाठी आपल्याकडे दिवस नेमलेला आहेच. कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला, ज्ञानभांडारांतील पोथ्या बाहेर काढून झाडण्याची, कसर-वाळवी पाहण्याची प्रथा आहे. श्रुतपंचमीलाही शास्त्रग्रंथांची वेष्टने बदलली जातात. ज्ञानपंचमी हीच व्यापाऱ्यांची लाभपंचमी. नव्या वर्षाची पेढी उघडते त्याच दिवशी घरातील लेखनाच्या सर्व प्रती उघडून पाहाव्यात आणि जुन्या झालेल्या डिस्कवरील मजकूर नव्या डिस्कवर घ्यावा.

वारसाची नोंद

खात्याला वारस नेमलेला नसेल, तर कुटुंबाला पैसे मिळवताना किती हेलपाटे घालावे लागतात, हे सर्वांनी पाहिलेले असते. लेखनाचेही तसेच आहे. गूगलच्या धोरणानुसार वैयक्तिक खाते सलग दोन वर्षे वापरात नसेल, तर ते आतील मजकुरासह काढून टाकले जाऊ शकते. त्याच खात्यात 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' ही सोय आहे. खाते ३ ते १८ महिन्यांपैकी आपण ठरवू तितका काळ निष्क्रिय राहिल्यास कोणास कळवावे आणि कोणता मजकूर त्यांना मिळावा, हे तेथे आधीच नोंदवता येते. दहा जणांपर्यंत नावे देता येतात. ही नोंद करण्यास पंधरा मिनिटे पुरतात.

कायद्याच्या दृष्टीनेही लेखन ही मालमत्ता आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे त्याच्या साहित्यकृतीवर स्वामित्वहक्क राहतो, आणि तो मृत्युपत्राने देता येतो. दुकान, घर आणि दागिने यांची वाटणी लिहिताना हस्तलिखिताचाही उल्लेख एका ओळीत असावा: ते कोणाकडे जावे आणि अपुरे राहिल्यास ते कोणी पूर्ण करावे किंवा करू नये.

एका कागदावर इतके लिहून घरच्या महत्त्वाच्या दस्तऐवजांत ठेवावे: मुख्य फोल्डरचे नाव, तीन प्रती कोठे आहेत, छापील प्रत कोणत्या नातलगाकडे आहे, आणि संकेतशब्द कोणत्या लिफाफ्यात आहे. कागद सुनेला किंवा मुलाला एकदा दाखवून, त्यांच्याच हातून फाइल उघडवून घ्यावी. आंबिवलीच्या त्या कल्पित गृहस्थांचे शेवटचे प्रकरण अपुरे राहिले, तरी वहीतील नावांचे काय करावे याविषयी त्यांनी जे लिहिले ते घरच्यांना वाचता येईल. आणि मुलाखती ज्यांनी दिल्या त्यांचे आवाजही त्यांच्या नातवंडांना ऐकता येतील.